बावळिया

जोधपूरला जाणारी माणसे मेहरानगड पाहतात, वरून निळ्या घरांचे फोटो काढतात, खाली येऊन मिर्चीवडा खातात आणि पुढच्या गाडीत बसतात. किल्ल्याच्या पायथ्याशी, जुन्या शहरकोटाला लागूनच खडकांचे एक उद्यान आहे, याची खबर फार थोड्यांना असते. मलाही नव्हती. सोलापूरच्या एका उर्दू शाळेत मी विज्ञान आणि भूगोल शिकवते. खडकांच्या धड्यासाठी चित्रे शोधताना 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क' हे नाव पहिल्यांदा वाचले आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. दगड शिकवायचा तर हातात दगड लागतो. आमच्याकडे जिकडे पाहावे तिकडे एकच दगड, काळा. मुले त्यालाच 'खडक' समजतात आणि बाकीचे सगळे प्रकार परीक्षेपुरते पाठ करतात.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत अम्मीला अजमेरला न्यायचे ठरले. अब्बांच्या आजारपणात तिने बोललेली मन्नत होती. अब्बा गेले, मन्नत राहिली. ती म्हणायची, "बोली सो बोली, देनाच पडता." अजमेरहून जोधपूर दोनशे किलोमीटरच्या आसपास. मी परतीचे पुण्याच्या गाडीचे तिकीट मुद्दाम जोधपूरहून काढले. आमच्या ह्यांना किल्ला पाहायचा होता, मला दगड. अम्मीला काहीच पाहायचे नव्हते. जियारत झाली होती, तिच्या दृष्टीने प्रवास संपला होता.

उद्यानाचा दरवाजा म्हणजे शहरकोटाची जुनी वेस, सिंघोरिया पोळ. सतराव्या शतकातली. तिच्याच खोल्यांमध्ये छोटेसे प्रदर्शन मांडले आहे, खडकांचे नमुने, झाडांची माहिती. शेजारी रोपवाटिका. 'पोळ' हा शब्द त्या तरुण गाईडच्या तोंडून ऐकला आणि मी थबकले. त्याने स्वच्छ 'ळ' उच्चारला होता. आमच्या उर्दूत 'ळ' नाही. माझ्या वर्गातली निम्मी मुले पाचवीपर्यंत 'शाला' आणि 'फला' म्हणतात, मराठीच्या तासाला त्यांचे हसे होते, आणि मी फळ्यासमोर उभी राहून जीभ टाळ्याला कशी उलटी लावायची ते दाखवत बसते. इथे हजार किलोमीटर दूर, मारवाडात, हा अक्षराचा नातलग भेटला. अम्मीने दातांसाठी मिसवाकची चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, मिसवाकच्या झाडाला आमच्याकडे 'जाळ' म्हणतात, अम्माजी. पुन्हा 'ळ'.

उद्यान सुमारे ७२ हेक्टरचे आहे. मेहरानगड म्युझियम ट्रस्टने ते २००६ मध्ये हाती घेतले, काम प्रदीप क्रिशन यांच्याकडे सोपवले आणि २०११ मध्ये लोकांसाठी खुले केले. क्रिशन म्हणजे आधी सिनेमे काढणारे आणि पुढे दिल्लीच्या झाडांवर पुस्तक लिहिणारे गृहस्थ. आत पायवाटा आखल्या आहेत, पिवळी, हिरवी, लाल, निळी. एकीकडे डोक्यावर किल्ल्याची ती अवाढव्य भिंत, दुसरीकडे जसवंत थडाचा पांढरा संगमरवर. पण माझे लक्ष पायाखाली होते.

खडक तांबूस, कुठे गुलाबी, कुठे विटकरी, उन्हाने वरून काळवंडलेला. काही ठिकाणी तो ओळीने चिरफाळला आहे. कुणी दगडी खांब जवळजवळ रचून ठेवावेत तसा. हा रायोलाइट. ज्वालामुखीतूनच आलेला, म्हणजे आमच्या काळ्या बेसॉल्टचा भाऊ, पण स्वभाव अगदी वेगळा. वर्गात मी तो फरक स्वयंपाकघरातून सांगते. बेसॉल्टचा लाव्हा ज्वारीच्या आंबिलीसारखा पातळ. ओतला की दूरवर पसरतो. म्हणून आपले सह्याद्रीचे डोंगर थरावर थर, पायऱ्या पायऱ्यांचे. रायोलाइटच्या लाव्ह्यात सिलिका जास्त, तो घट्ट पिठल्यासारखा. पिठले खदखदते, वाफ अडकते आणि फटकन अंगावर उडते. इथे तसेच झाले. स्फोट झाले, तापलेली राख उडाली, आणि ती खाली पडली तेव्हा इतकी गरम होती की कण एकमेकांना चिकटून त्यांचाच दगड झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने जोधपूरच्या या चिकटलेल्या राखेच्या खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवले आहे. या ज्वालामुखीच्या खडकावर पुढे वालुकाश्म साचला. जिथे दोन्ही एकमेकांना टेकतात ती जागाही स्मारक आहे. तिथे एका खडकावर हात आणि दुसऱ्यावर बोट ठेवले तर मध्ये कोट्यवधी वर्षे असतात.

वय सांगायचे तर आपला दख्खनचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा. हा पंच्याहत्तर कोटींच्या घरातला. तेव्हा जमिनीवर गवताची काडीही नव्हती. मी हे अम्मीला सांगितले. तिने खडकावर हात फिरवला आणि म्हणाली, "अल्ला की कुदरत." मग जरा वेळाने, "बैठने कू अच्छा हाय." आणि बसली. तिचे गुडघे दुखत होते.

पायवाट पुढे एका अरुंद घळीत उतरते. तिला हाथी नहर म्हणतात. दोन्ही बाजूंना खडक, मध्ये गारवा. पावसाचे पाणी किल्ल्याच्या पायथ्याच्या तळ्यांकडे नेण्यासाठी माणसांनी खडक फोडून केलेली ही वाट. जोधपूरला वर्षाला जेमतेम ३६ सेंटीमीटर पाऊस. आमच्या सोलापूरला दुष्काळी म्हणतात, पण आम्ही त्यांच्यापुढे श्रीमंतच. इतक्या पावसाच्या भरवशावर शहर वसवायचे तर थेंबाला वाट करून द्यावी लागते. नोव्हेंबरचे दिवस होते, घळ कोरडी होती. तरी पाण्याने घासून गुळगुळीत केलेले दगड हाताला लागत होते.

या घळीच्या आजूबाजूला, भेगाभेगांतून झाडे उभी होती. खडकावरच जगणारी. मेणबत्त्यांच्या झुंबरासारखा थोर. हे नाव आपल्याकडेही आहे, अर्थ मात्र आपण माणसांसाठीही वापरतो. कुमटिया, ज्याचा डिंक निघतो आणि ज्याच्या बिया केर-सांगरीच्या भाजीत पडतात. गूंदी. मातीचा पत्ता नाही, मूठभर धूळ भेगेत अडकलेली, तिच्यावर संसार. गाईड प्रत्येकाचे नाव सांगत होता, कुणाचे पान पावसाळ्यातच येते, कुणाला शेळी तोंड लावत नाही. आमच्याबरोबर आणखी सात-आठ पर्यटक होते. कुठून आले होते ते मी विचारले नाही.

मग त्याने बावळियाची गोष्ट सांगितली.

ही सगळी जमीन वीस वर्षांपूर्वी एकाच झाडाने व्यापलेली होती. हे झाड मूळचे मेक्सिको, मध्य अमेरिका या भागातले. भारतात ते १८७७ च्या सुमारास आले. जोधपूरच्या महाराजांनी १९३० च्या दशकात त्याचे बी विमानातून उधळले, असे तिथे सांगतात. वाळवंट हिरवे करायचे होते. १९४० मध्ये या संस्थानाने त्याला 'शाही झाड' म्हणून जाहीर केल्याचीही नोंद आहे. हिरवे झाले, पण मग दुसरे काही उगवेना. त्याची मुळे खोल जातात, पानांचा कचरा जमिनीवर पडला की त्याखाली दुसऱ्यांचे बी रुजत नाही. शेंगा गोड, शेळ्या-गुरे खातात आणि शेणातून बी सगळीकडे पोचवतात. तोडले तर बुंध्यातून दहा फांद्या फुटतात. म्हणून नाव बावळिया. वेडा.

मी अम्मीकडे पाहिले. तिने ओळखले होते. घळीच्या तोंडाशी, उद्यानाच्या कुंपणापलीकडे एक झुडूप होते. तिने काठीने तिकडे दाखवले. "ये तो अपनी येडी बाभूळ हाय ना?"

होय, तीच. सोलापुरात, सगळ्या मराठवाड्यात, रेल्वेच्या रुळांलगत, पडीक रानात, कब्रस्तानाच्या मागे वाढते ती वेडी बाभूळ. तिकडेही वेडी, इकडेही वेडी. एकमेकांशी गाठ नसलेल्या दोन मुलखांनी एकाच झाडाला एकच शिवी दिली आहे.

गाईडचे बोलणे संपता संपता मागून एक जण म्हणाला, "बाहर से आए हुए ऐसे ही होते हैं. जगह दो तो पूरा घर ले लेते हैं." दोघे-तिघे हसले. अम्मी बुरख्यात होती, मी हिजाबात. कुणी आमच्याकडे पाहिले असे मी म्हणणार नाही. पाहिले नसेलही. पण ते वाक्य झाडाविषयी होते की नाही, हे आपल्याला कळते. अशा वेळी कानांमागे जे तापते ते वाचकांना मी समजावून सांगण्याची गरज नाही. आमचे हे घळीच्या भिंतीवरची रेघ पाहण्यात फारच गुंग झाले.

बोलली ती अम्मी. त्या माणसाशी नव्हे, गाईडशी. आणि तिच्या डोक्यात माणसे नव्हतीच, झाडच होते. "बेटा, इसकू उखाडे तो लोगां रोटी कायपे पकाए?"

गाईडला प्रश्न कळायला वेळ लागला. मी हिंदीत सांगितला. अम्मीचे लग्न झाले तेव्हा आमच्या मोहल्ल्यात रॉकेल रेशनवर आणि गॅस फक्त डॉक्टरांच्या घरी. अब्बा यंत्रमागावर चादरी विणत. दादी आणि अम्मी फजरनंतर रुळांकडे जाऊन वेड्या बाभळीच्या वाळल्या काटक्यांची मोळी आणत. पावसाळ्यातही हे लाकूड पेटते, निखारा टिकतो. अम्मीच्या तळव्यात एक काटा मोडला होता, तो सहा महिने तिथेच होता. तिची चाल त्या पायावर अजूनही किंचित वेगळी पडते. त्या काट्याच्या झाडाला ती शिव्या देते, पण परक्याने दिलेल्या ऐकून घेत नाही. आम्ही पाच भावंडे त्या चुलीवर वाढलो. माझी बी.एड.ची फी भरली त्या वर्षीसुद्धा न्हाणीघरातला बंब वेड्या बाभळीवरच तापायचा.

गाईड शहाणा होता. तो म्हणाला, अम्माजी, माझ्या आईनेही हेच जाळले. गावाकडे आजही जाळतात, कोळसाही करतात. बाहेरून आला म्हणून नाही काढला. बाहेरून तर मिरचीपण आली, तिच्याशिवाय मारवाडात जेवण नाही. (हे तो जरा मोठ्याने, मागे ऐकू जाईल असे बोलला, असे मला वाटले.) हा शेजाऱ्याला जगू देईना, म्हणून इथून, या एवढ्या तुकड्यातून काढला. बाकी सगळा मारवाड त्याचाच आहे.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मीही वर्गात हेच सांगेन. तरी मला ते पूर्ण पटले असे नाही. कारण मागचा माणूस त्याच्या वाक्याचा दुसरा अर्धाही सहज उचलून नेऊ शकतो. शेजाऱ्याला जगू देत नाहीत, हे तर आमच्याविषयी आणखी सोपे वाक्य. झाडाच्या बाबतीत ते जमीन उकरून, मुळे मोजून, खाली काय उगवते ते वर्षानुवर्षे पाहून ठरवतात. माणसांच्या बाबतीत एवढा खटाटोप कुणी करत नाही. आणि या खडकाला विचाराल तर पंच्याहत्तर कोटी वर्षांत त्याच्यावर जो कुणी उगवला तो काल संध्याकाळीच आलेला आहे. थोरसुद्धा.

मला त्या दिवशी सगळ्यात जास्त भावले ते मात्र वेगळेच. झाड काढणाऱ्या माणसांची गोष्ट. तोडून उपयोग नव्हता, हातभर खोल खणून मुळाचा गड्डा काढावा लागणार होता, आणि मूळ तर खडकाच्या भेगेत. सुरुंग लावायचा विचार झाला, पण वर पाचशे वर्षांहून जुना किल्ला. शेवटी खंडवालिया लोकांना बोलावले. जोधपूरच्या वालुकाश्माच्या खाणींत पिढ्यान्‌पिढ्या काम करणारे हे लोक. ते हातोडीने खडकावर टकटक करतात आणि आवाज ऐकतात. कुठे पोकळ आहे, कुठे थर सैल आहे, कुठे घाव घातला तर दगड आपण होऊन सुटेल, हे त्यांना कानाने कळते. आमच्या सोलापूरचे वडार सुतकी आणि छिन्नी घेऊन असेच दगडाशी बोलतात. मी लहानपणी पाहिले आहे. एक म्हातारा वडार घाव घालण्याआधी शिळेला कान लावायचा. आम्ही पोरे हसायचो.

तर या लोकांनी एकेक झाड मुळासकट काढले. प्रत्येक झाडाच्या जागी खडकात एक खड्डा राहिला. त्या खड्ड्यांतच मग थोर, कुमटिया, गूंदी लावले. गाईडने एक असा खड्डा दाखवला. छिन्नीच्या खुणा अजून दिसत होत्या. आत कुमटियाचे झाड, माझ्या डोक्याच्या वर गेलेले. म्हणजे ज्या जागा वेड्याने खडकात घट्ट धरून ठेवल्या, त्यांतच याची सोय झाली. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले.

खंडवालियांची पुढची पिढी काय करते, हे मी विचारले. काही खाणीत, काही शहरात. जोधपूरच्या दगडखाणींतले कामगार दगडाची धूळ छातीत जाऊन सिलिकोसिसने मरतात, हे मी पूर्वी वाचले होते. ज्यांचा कान इतका तयार, त्यांचा श्वास असा जावा. प्रदर्शनात खडकांचे नमुने होते, झाडांचे होते. ती हातोडी तिथे ठेवली असती तर मला बरे वाटले असते.

उतरताना मागचा तो माणूस अम्मीजवळ आला. वाट उताराची होती, खडी घसरत होती. त्याने हात पुढे केला आणि म्हणाला, "संभल के, माताजी." अम्मीने हात धरला, "जीते रहो" म्हणाली आणि खाली आली. हे मी इथे लिहिते आहे, कारण तेही घडले. त्याचे ते वाक्य यामुळे पुसले जाते असे मला वाटत नाही, आणि तो हातही खोटा नव्हता.

सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात हा विषय घ्यायचा होता. मी पिशवीतून आणलेले काही नाही, उद्यानातला दगड उचलायचा नसतो. फोटो होते. पण अडले ते शब्दावर. मी उर्दूत शिकवते. अशा वनस्पतीला काय म्हणू? 'गैरमुल्की' म्हणावे तर ज्वारीही गैरमुल्की, ती आफ्रिकेतून आली. मंगळवेढ्याच्या मालदांडीचा अभिमान असणाऱ्या मुलांना हे ऐकून धक्का बसतो. चिंच आफ्रिकेतली, अरबांनी तिला 'तमर हिंदी', हिंदुस्तानची खजूर म्हटले आणि ती इथलीच होऊन गेली. सीताफळ, पेरू, टोमॅटो, बटाटा, मिरची अमेरिकेतले. गुलमोहर मादागास्करचा. 'हमलावर' म्हणावे तर इंग्रजी शब्दाचे ते बरोबर भाषांतर होईल. पण हा शब्द माझ्या मुलांनी आधीच दुसऱ्या धड्यात, दुसऱ्या तासाला, मान खाली घालून ऐकलेला आहे. मी तो फळ्यावर लिहिणार नव्हते.

शेवटी मी शब्दच दिला नाही. तक्ता दिला. शाळेच्या आसपासची दहा झाडे शोधा. पहिल्या रकान्यात नाव. दुसऱ्यात, मूळ कुठले. तिसऱ्यात, कुणाच्या काय उपयोगाचे. चौथ्यात, त्याच्या खाली काय उगवते ते वाकून पाहा आणि लिहा. घरी बसून लिहायचे नाही, जाऊन पाहायचे. आठ दिवस दिले.

तक्ते आले. बऱ्याच जणांनी एकमेकांचे पाहून लिहिले होते, ते ओळखू येतेच. एका मुलाने ज्वारीला झाड मानून यादीत घेतले आणि दुसऱ्या रकान्यात 'आफ्रिका' लिहून त्यापुढे मोठे प्रश्नचिन्ह काढले, टीचर चुकली असावी या खात्रीने. एका मुलीचे घर रुळांपलीकडच्या वस्तीत आहे. तिने दहाऐवजी चारच झाडे लिहिली होती, पण चारही पाहून. चौथे होते वेडी बाभूळ. मूळ, मेक्सिको. उपयोग, आमच्या घरी याच लाकडावर पाणी तापते, अब्बू बेकरीच्या भट्टीलाही नेतात. चौथ्या रकान्यात तिने उर्दूत, गिचमिड पण शुद्ध, दोनच ओळी लिहिल्या होत्या. नीचे घास नहीं है. बकरियां बैठी थीं.